झाडं संपतात तिथून वर

साताऱ्याच्या शाळेत मी तीस-बत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दरवर्षी फळ्यावर एक डोंगर काढायचा, त्याच्या कमरेवर आडवी रेघ मारायची आणि सांगायचं, "ही वृक्षरेषा. हिच्या वर थंडी इतकी, की झाड वाढत नाही." मुलं रेघ काढून घ्यायची आणि परीक्षेत गुण मिळवायची. एखादं आगाऊ कार्टं विचारायचंच, "बाई, तुम्ही बघितलीय का?" बघितली नव्हती. आमच्या सह्याद्रीत अशी रेघ नाही, तेवढी उंचीच नाही त्याला. हिमालयात जाऊ जाऊ म्हणता म्हणता ह्यांचं आजारपण आलं, मग हे गेले, आणि मग माझे गुडघे कुरकुरायला लागले.

त्यामुळे अमेरिकेतल्या एडिसनहून मुलाचा, निखिलचा, फोन आला, "आई, तिकीट काढतोय, इथे काय काय बघायचंय सांग," तेव्हा माझं उत्तर तयार होतं.

"नायगारा नको. झाडं संपतात तिथून वर चालत जायचंय मला."

तो म्हणाला, "आई, वॉशिंग्टनपण छान आहे गं."

माझी बाजू घेतली ती सुनेने. केतकी पार्सिपनीला एका कंपनीत काम करते, मूळची नागपूरची. तिने शोधून काढलं की कोलोरॅडोत सान हुआन नावाचे डोंगर आहेत आणि तिथे झाडांच्या रेषेच्या वर एक तळं आहे. पायवाट थेट तळ्यापर्यंत जाते. तिने फोटो पाठवला. एवढं निळं पाणी मी फक्त नकाशात पाहिलं होतं. मी ठरवून टाकलं, हे तळं बघायचं, आणि स्वतःच्या पायांनी जाऊन बघायचं.

एडिसन

कोलोरॅडोला जायचं तर आधी ओक ट्री रोडवरच्या देशी दुकानांत जावं लागतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. जाडे पोहे, दाणे, तूरडाळ, गोडा मसाला, मेतकूट. कढीपत्ता केतकीने ओल्या कागदात गुंडाळून घेतला. "तिथे काही म्हणजे काही मिळत नाही, आई." इथल्या मराठी मंडळींची कुठेही सहल निघाली, की खाण्याचं खातं केतकीकडे असतं असं निखिलने मला कौतुकाने सांगितलं. केतकी नुसतीच हसली आणि कपड्यांच्या बॅगेत कुकर ठेवायला जागा करायला लागली.

निखिलने स्वतःसाठी काय घेतलं, तर ऑक्सिमीटर. स्वतःसाठी म्हणजे माझ्यासाठी.

सिल्व्हरटन

डेन्व्हरला विमानातून उतरल्यावर पुढे दिवसभर गाडी. त्यातला निम्मा रस्ता मी झोपेत काढला, तेव्हा त्याबद्दल बोलत नाही. सिल्व्हरटन हे चांदीच्या खाणींचं जुनं गाव. खाणी बंद पडल्या, गाव राहिलं. मुख्य रस्ता तेवढा डांबरी, बाकीचे मातीचे. लाकडी दुकानं, रंगीत पाट्या, आणि चारी बाजूंनी डोंगर इतके अंगाशी, की मान वर केल्याशिवाय आभाळ दिसत नाही. भर जुलैत शेंड्यांवर बर्फाचे पट्टे होते. दोन महाबळेश्वरं एकावर एक ठेवली, की या गावाची उंची होते.

खोलीत शिरले आणि खिडकीतून मला ती दिसली. गर्द हिरवी झाडं डोंगर चढत चढत जातात आणि एका उंचीला थांबतात. त्याच्या वर फक्त गवत आणि दगड. फळ्यावरच्यासारखी सरळ नव्हती, घळीत वर गेलेली, उघड्या उतारावर खाली घसरलेली. पण होती. पुस्तकात सांगितली होती तिथेच होती. मला उगाचच वाटलं, की ही आपणच काढलेली आहे.

"आई, बोट दे," निखिल मागून म्हणाला आणि माझ्या बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा लावला. दोन जिने चढून मला धाप लागली होती, हे खरं आहे. त्या चिमट्यातल्या आकड्याने त्याचा चेहरा पडला आणि तो पुढे दिवसभर पडलेलाच राहिला.

आम्ही उतरलो होतो त्या घराची मालकीण जोन. सत्तरीची, पांढरी वेणी घालणारी, काटक बाई. तिची आमची ओळख कुकरने करून दिली. पहिली शिट्टी झाली तशी ती धावत वर आली. तिला वाटलं, पाणी तापवायच्या टाकीला काहीतरी झालं. केतकीने तिला कुकर दाखवला. मला राहवलं नाही. इथे हवेचा दाब कमी, पाणी नव्वद अंशांनाच उकळायला लागतं, उघड्या भांड्यात डाळ दिवसभर रटरटली तरी बोटचेपी होणार नाही, असा सगळा धडा मी तिला इंग्रजीतून दिला. जोनने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या आईकडे असलाच एक होता. त्याने एकदा शिजत घातलेला सगळा घेवडा छताला लावला. तेव्हापासून मी घरात आणलेला नाही."

आमटी-भात तिने दोनदा घेतला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी घेतला. नंतर मी साताऱ्याचा कंदी पेढा तिच्या हातावर ठेवला. इथे सगळे सगळ्यांना नावाने हाक मारतात. ती मला सरळ "वसुधा" म्हणाली. माझी आई गेल्यापासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. केतकीला मात्र एवढ्या मोठ्या बाईला "जोन" म्हणवेना, म्हणून ती "जोनकाकू" म्हणायला लागली. काकू म्हणजे कोण ते विचारून घेऊन जोन खूश झाली. लग्न न करता काकू होता येतं, हे तिला फार आवडलं.

जाताना तिने बजावलं, "तळ्याला जाणार ना? मग पहाटे निघा. दुपारी इथे रोज वीज पडते. बारापर्यंत झाडांच्या रेषेखाली परत आलेलं असायला हवं."

मला ते पटलं. झाडं नसतील तिथे आपणच सगळ्यांत उंच, हे वेगळं शिकवायला नको.

पहिल्यांदा

आम्ही उठलो वेळेवर, हे आधी सांगते. चहा झाला. उपाशीपोटी चढायचं कसं, म्हणून पोहे झाले. दुपारी वर काय खायचं, म्हणून पोळ्या आणि बटाट्याची भाजी झाली. पोळ्या झाल्याच आहेत तर थोडी चटणी. मग सगळं आवरून झाल्यावर निघता निघता अर्धा अर्धा कप चहा. आपल्याकडचं कोणतंही चांगलं कुटुंब निघेल तसेच आम्ही निघालो. दारात जोन भेटली. ती बाजारहाट करून परत येत होती. तिने आमच्या डब्यांच्या पिशवीकडे पाहिलं, मग आभाळाकडे पाहिलं.

वाट सुरेख होती. आधी ॲस्पेनची पांढऱ्या खोडांची झाडं, वाऱ्याने त्यांची पानं टाळ्या वाजवल्यासारखी वाजतात. मग स्प्रूसचं गर्द रान, मध्येच धबधबा. निखिल ताडताड पुढे जायचा, थांबायचा आणि ओरडून विचारायचा, "आई, पल्स किती?" वरून उतरणारी माणसं आम्हाला पाहून थबकायची. "आत्ता वर चाललात?" असं एकाने विचारलं, दुसऱ्याने विचारलं, तिसऱ्याने विचारायच्या आत आभाळ गडगडलं. पाचच मिनिटांत असं काळं झालं, की आमच्याकडे इतकी तयारी करायला ढगाला दोन दिवस लागतात. झाडं अजून दाटच होती. आम्ही परत फिरलो.

गाडीत बसून पोळी-भाजी खाल्ली. टपावर गारा वाजत होत्या. भाजी उत्तम झाली होती, पण तसं कोणी म्हटलं नाही.

"मी म्हटलं होतं केतकी, तो स्वयंपाक कॅन्सल कर," निखिल म्हणाला. "पोह्यांच्या नादात आईचं राहिलं."

माझं डोकंच फिरलं. "पोहे दोनदा कोणी घेतले? वर लिंबू आहे का म्हणून कोणी विचारलं?"

केतकी डब्याचा कागद घडी घालून ठेवत होती.

संध्याकाळी निखिलने जाहीर केलं, "आई, परवा जीपची टूर आहे. थेट वर नेतात, झाडांच्या कितीतरी वर. आरामात बसून बघ. रिस्क नको."

"गाडीत बसून पिशवीसुद्धा वर जाते," मी म्हटलं. "मी पिशवी आहे का?"

उरे

दुसऱ्या दिवशी माझ्या गुडघ्यांना विश्रांती म्हणून उरे नावाच्या शेजारच्या गावी गेलो. मधला घाट बघण्यासारखा. एका अंगाला लाल कडा, दुसऱ्या अंगाला दरी आणि दरीच्या बाजूला कठडाच नाही. हिवाळ्यात यंत्राने बर्फ लोटायला मोकळी कड लागते म्हणे. निखिल दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून गाडी चालवत होता. मी त्याला आंबेनळी घाटातल्या आमच्या एसटी ड्रायव्हरांची आठवण करून दिली, जे एका हाताने वळण घेतात आणि दुसऱ्याने तंबाखू मळतात. ते त्याला त्या क्षणी आवडलं नाही. पण मला माझ्या घाटांचा अभिमान वाटला, तो मी का लपवू?

उरे गाव वाटीच्या तळाशी बसल्यासारखं आहे. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत आणि त्यांचा मोठा तलाव बांधलाय. केतकीने माझ्यासाठी पूर्ण बाह्यांचा पोहायचा पोशाख आणला होता. पहिल्यांदा लाज वाटली. मग बघितलं, की माझ्याहून थोराड बायका माझ्या एक दशांश कपड्यांत निवांत बसल्यात, आणि आमच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाहीये. निखिल काठावर बसून ऑफिसच्या कॉलवर होता.

"आई, तुम्ही रोज अजिंक्यतारा चढता ना?" केतकीने विचारलं.

"रोज. गुडघे कुरकुरले तरी."

"मी कधीच कशावर चढले नाही." ती पाण्यावरून हात फिरवत होती. "नागपुरात चढायला होतं काय आमच्याकडे? सीताबर्डीची टेकडी. बस. आणि इथे प्रत्येक ट्रिपला सगळे वर जातात आणि मी खाली थांबते. डबे गरम करायला, टेबल पकडायला कोणीतरी लागतं ना. मला कोणी थांब म्हणत नाही हं. मीच थांबते. सवयच लागलीय." मग जरा वेळाने म्हणाली, "या वेळी मला ते तळं बघायचंय, आई. इतकं निळं खरंच असेल का हो?"

आमच्या लग्नाळू वयातल्या गप्पा सोडल्या, तर कुठल्या बाईने आपल्याला काही हवंय असं मला इतकं सरळ सांगितल्याचं मला आठवत नाही.

"उद्या डबा करायचा नाही," मी म्हटलं. "जीप कॅन्सल. पहाटे निघायचं."

"पण निखिल..."

"निखिलला मी जन्माला घातलंय. तो एक दिवस ब्रेड खाईल."

पुन्हा तीच वाट

जोन आपणहून आमच्याबरोबर यायला तयार झाली. उन्हाळ्यात ती त्या तळ्याला नेहमीच जाते. गाडीतच केळी आणि ब्रेड खाऊन आम्ही तांबडं फुटताना चालायला लागलो. आमच्या अजिंक्यताऱ्याच्या सकाळच्या मंडळींची एक रीत आहे: सगळ्यांत हळू चालणारा पुढे, आणि त्याला कोणी ओलांडायचं नाही. ती मी इथे लागू केली. जोनला ती इतकी पटली, की आता आपल्या गावातही सुरू करते म्हणाली. पुढे मी, मागे केतकी, तिच्या मागे जोन आणि शेवटी, धुसफुसत, निखिल.

रान विरळ होत गेलं आणि फुलं सुरू झाली. निळी-पांढरी कोलंबाईन, शेंदरात बुडवल्यासारखी लाल, जांभळी, पिवळी. आमच्या कासच्या पठारावर फुलं पावलांशी असतात, इथे ती कमरेला लागतात. "पण कास ते कास," हे मी जोनला बजावलं. ती म्हणाली, बघायला आवडेल. मी तिथल्या तिथे आमंत्रण दिलं. एका दगडावर मांजराएवढा गुबगुबीत प्राणी उभा राहून आमच्यावर शिट्ट्या मारत होता. केतकी म्हणाली, "ह्याची डाळ शिजली वाटतं."

मग स्प्रूस खुजे झाले. खांद्याएवढे, मग गुडघ्याएवढे, वाऱ्याने सगळ्या फांद्या एकाच बाजूला लोटलेले. आणि मग एक शेवटचं झुडूप, त्याच्या पलीकडे एकही नाही. मी थांबले. त्याच्यावर हात ठेवला. हाताला राळ लागली. एक पाऊल पुढे टाकलं. खूप मोठं काही झालं नाही, वारा जरा जास्त लागला एवढंच. पण मला रडू आलं, आणि मी ते येऊ दिलं. हे बघायला निखिलचे बाबा हवे होते, एवढंच मनात आलं. मग मागे वळून मी सगळ्यांना वर्गातल्या आवाजात सांगितलं, "ही वृक्षरेषा."

उत्तर द्यायला निखिल नव्हता. तो मागे एका खडकावर बसला होता, चुन्यासारखा पांढरा पडून. सकाळपासून डोकं दुखत होतं, सांगितलं नव्हतं. मला बघून "आय ॲम फाइन" म्हणाला आणि बाजूला वळून ओकला. त्याच्याच खिशातला चिमटा काढून मी त्याच्याच बोटाला लावला. आकडा माझ्या पहिल्या दिवशीच्या आकड्याहून खाली होता.

जोन म्हणाली, "उंचीमुळे आहे. खाली न्या, आत्ताच. उतरला की बरं वाटेल."

कोणी काही ठरवायच्या आत केतकीने त्याची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली होती. "मी नेते ह्याला. आई, तुम्ही जोनकाकूंबरोबर जा वर. आता थोडंच राहिलंय. तुमच्यासाठीच तर आलो आपण."

तिच्या आवाजात कुरकुर नव्हती, राग नव्हता, काहीच नव्हतं. त्याचाच मला राग आला. मी वर बघितलं. समोर कातळाची भिंत, तिच्यावरून पाणी कोसळत होतं, आणि त्या भिंतीच्या मागे तळं. मला ते हवं होतं. खोटं कशाला सांगू? पाय धड होते, श्वास धड होता, वेळ होता. आणि हेही समजत होतं, की पुन्हा इथे येणं या जन्मी होणार नाही.

"ती बॅग इकडे दे," मी म्हटलं.

"आई, तुम्ही कशाला..."

"मुलगा माझा आहे. मी नेते. तू वर जा."

"नाही हो आई, असं कसं, तुमचं तळं..."

"केतकी, मी विचारत नाहीये, सांगतेय."

जोनने माझ्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं आणि हातातली काठी दगडावर आपटून म्हणाली, "चल, वेळ थोडा आहे." केतकी निघाली. दोनदा वळून बघितलं तिने. "मागे बघू नकोस, पायाखाली बघ!" मी ओरडले.

उतरताना निखिल पुढे, मी मागे. रीत ती रीत. ॲस्पेनच्या झाडांत आलो तसा त्याच्या तोंडावर रंग आला.

"सॉरी आई. तुझं तळं राहिलं."

"ते कोलोरॅडोचं आहे, माझं कुठलं?"

थोडं चालून तो म्हणाला, "प्रत्येक ट्रिपला ती खालीच थांबते. मला वाटायचं, तिला तेच आवडतं."

"विचारलंस कधी?"



खाली गाडीशी पोचलो आणि वाट बघत बसलो. ढग डोंगरामागून वर यायला लागले तसा माझा धीर सुटला. पाठवलं मी होतं. निखिल वाटेच्या पाटीपर्यंत जायचा, परत यायचा. पहिला गडगडाट झाला तेव्हा आम्ही दोघंही पाटीपाशी उभे होतो. जोन बरोबर आहे, जोनला सगळं कळतं, असं मी मोठ्याने म्हणत होते.

पाऊस सुरू झाला आणि झाडांतून लाल जॅकेट दिसलं. पुढे केतकी, मागे जोन. केतकी आमच्यापर्यंत पोचायच्या आधीच बोलायला लागली होती.

"आई! ते निळं नाहीच आहे! म्हणजे निळं आहे, पण आपण म्हणतो तसं नाही, मी तर पाहूनच राहिले! काठावर बर्फ होतं अजून! जोनकाकू म्हणून राहिल्या चल, चल, अन् माझे पायच निघेनात! मी ओरडले, आई, जोरात ओरडले, अन् तो आवाज परत आला!"

एडिसनमध्ये कधी ऐकलं नव्हतं ते तिचं नागपूर तिच्या तोंडून धो धो वाहत होतं. मग ती एकदम थांबली. माझ्याकडे बघून तिचा चेहरा उतरला. "तुम्ही पाहायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटलं ना?"

"वाटलं," मी म्हटलं. "खूप वाटलं. आता गाडीत बस आणि मला पहिल्यापासून सांग. एक गोष्ट गाळू नकोस."

निखिलने तिला टॉवेल दिला. शेजारच्या गाडीत एक अनोळखी कुटुंब सामान भरत होतं. त्यांनी विचारलं नव्हतं, तरी हा त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, "दॅट्स माय वाइफ. ती तळ्यापर्यंत जाऊन आली." मग पाण्याच्या नळाशी उभ्या असलेल्या म्हाताऱ्यालाही सांगून आला.

साताऱ्याला परत आल्यावर अजिंक्यताऱ्यावर, आमच्या नेहमीच्या जागी, मी सगळ्यांना फोटो दाखवला. लाल जॅकेट, मागे ते पाणी, दोन्ही हात वर. फोटो या हातातून त्या हातात फिरला.

"यात तुम्ही कुठे आहात?" शेजारच्या कुलकर्णीबाईंनी विचारलं.

"मी खाली होते. मुलाजवळ."

"अरेरे! एवढ्या लांब जाऊन राहिलंच की हो तुमचं!"

"राहिलं कसं?" मी म्हटलं. "आमच्या घरातलं माणूस उभं आहे ना तिथे."